चुन्यावरचं वावर

वावरं पुन्हा पांढरी झाली आहेत. आदिलाबादहून गावाकडे येताना बसच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी दिसते आणि तिच्यावर फुटलेला कापूस. रस्त्याकडेच्या बाभळींनाही कापूस लागलेला असतो. तो त्यांचा नाही. बाजाराकडे गेलेल्या गाड्यांमधून उडून काट्यांना अडकलेला. लहानपणी मला वाटायचं, बाभळीलाही वर्षातून एकदा पांढरं नेसायची हौस येत असेल. बाबांना तसं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हौस कायची? गाडीवाल्यानं ताडपत्री बांधली नाई." आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला कारण असायचं, आणि त्या कारणाला कुणीतरी जबाबदार असायचं.

मीही माझ्या चित्रांच्या फळ्या बाहेर काढल्या आहेत. दिवाळीनंतर तीन चित्रं झाली. एक पैनगंगेचं. पाणी ओसरल्यावर उघडे पडणारे काळे खडक, आणि पलीकडचा महाराष्ट्र, जो चित्रात अलीकडच्या तेलंगणासारखाच दिसतो, कारण तो तसाच आहे. दुसरं उटनूरच्या घाटातल्या सागांचं. सागाचं वाळलं पान नुसतं तपकिरी नसतं, भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं असतं, आणि तो रंग मला अजून सापडलेला नाही. चित्र फसलं आहे. तिसरं निसवलेल्या ज्वारीचं, मधोमध रिकामं मचाण. हे बरं जमलंय असं वाटतं. काढताना हात मोकळा होता. मागच्या हंगामात तो मोकळा नव्हता.

मी पत्रकांवर वाढले. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. बाबा शेती करतात आणि उरलेला सगळा वेळ शेतकरी-शेतमजुरांच्या एका लहानशा संघटनेचं काम करतात. घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. ती एका बाजूनेच छापलेली असायची, त्यामुळे दुसरी बाजू घरच्या कामाची. आई त्यात वावरातल्या भाकरी गुंडाळायची, मी त्यावर पाढे लिहायची. मला वाचता आलेला पहिला शब्द "बंधू-भगिनींनो" हा होता. शाळेत बाईंनी वाक्य तयार करायला सांगितलं की माझं प्रत्येक वाक्य "झालेच पाहिजे"ने संपायचं. माझं नावही क्रांती. गावात त्याचं कांता झालं. आईला ते बरं वाटतं, ती म्हणते, "कांते म्हणून हाक मारली तं पोरगी भाकर खायले येते. क्रांती म्हणलं तं तिचा बाप भाषण सुरू करते."

बाबा भिंतीही लिहायचे. आमच्या भागात एक मागणी तीन लिप्यांत लिहावी लागते: गावासाठी मराठी, कचेरीसाठी तेलुगू आणि जुन्या मोहल्ल्यांसाठी उर्दू. बाबांचा हात तिन्हीत सारखा चालतो. मी रंगाचा डबा धरून उभी असायची. आधी चुना मारायचा, तो वाळू द्यायचा, मग गेरू. चुन्याशिवाय अक्षर उठत नाही, असं ते म्हणायचे, आणि अक्षर उठलं नाही तर माणूस कसा उठेल, असंही. त्यांच्या हिशेबात रंग हा शब्दासाठी असतो. शब्दाशिवायचा रंग म्हणजे त्यांना लग्नाच्या मांडवासारखा वाटायचा, चार दिवसांचा.

आणि मी डोंगर काढू लागले. का, ते मला आजही धड सांगता येत नाही. आदिलाबादला कॉलेजात असताना रोजचा बसचा रस्ता होता. खिडकीतून तोच तो डोंगर सकाळी राखाडी आणि परतताना जांभळा दिसायचा. एके दिवशी पत्रकाच्या कोऱ्या बाजूला तो उतरवला. छापलेल्या बाजूला मजुरीची मागणी होती. कागद पातळ, मागची अक्षरं उलटी होऊन डोंगरात दिसत होती. मला वाटलं, मी काही तरी लपवत आहे.

चित्र काढणं म्हणजे काही लपवणं का, हा प्रश्न मी हलका मानत नाही, आजही. दर उन्हाळ्यात बाबा मला इंद्रवेल्लीच्या स्तंभाकडे घेऊन जायचे. तिथे उभं राहून मागच्या टेकड्यांकडे पाहिलं की त्या सुंदर दिसतात, आणि त्या सुंदर दिसतात याचीच लाज वाटायची. जिथे जमिनीचा हक्क मागणाऱ्या गोंडांवर पोलिसांच्या गोळ्या चालल्या, तिथला हिरवा रंग नीट मिसळत बसायचा मला काय हक्क? मी कितीतरी वेळा ब्रश खाली ठेवला आहे. पण ब्रश खाली ठेवल्याने कुणाला काही मिळालं, असंही झालं नाही.

मागच्या हंगामात हे सगळं एका चित्रावर येऊन थांबलं. जिल्ह्याच्या गावी दर हिवाळ्यात हौशी चित्रकारांचं प्रदर्शन भरतं. चित्रकला शिकवून निवृत्त झालेले नरसय्या सर ते भरवतात, एका शाळेच्या हॉलमध्ये. वांकिडीकडचे एक शिंपी दरवर्षी आपल्या दुकानातून दिसणारा रस्ता काढतात. एक कंपाउंडर फक्त तळी काढतात. विकत कुणी फारसं घेत नाही. येतात, पाहतात, चहा पितात. मला तिथे एक चित्र लावायचं होतं. आमच्या वावराचं, कापूस फुटलेलं, वेचणीला हात लागण्यापूर्वीचं. त्यात माणूस नको होता, घोषणा नको होती.

नरसय्या सरांना मी त्याचं पेन्सिलीतलं टिपण दाखवलं. ते आमच्याशी हिंदीत बोलतात, दखनी वळणाच्या.

"अच्छा है बेटा. लेकिन खाली-खाली है," ते म्हणाले. "एक गुसाडी डाल दे ना कोने में. लोगां वहीच देखने आते."

दंडारीच्या दिवसांत गोंडांच्या पाड्यांवर मोरपिसांचा टोप घालून नाचतात ते गुसाडी. सरांच्या प्रदर्शनात ते प्रत्येक भिंतीवर असतात: धबधब्यापाशी गुसाडी, चंद्राखाली गुसाडी.

"सर, आमच्या वावरात गुसाडी येत नाहीत," मी म्हटलं.

"तो बुला ले. चित्र में कौन रोकता?"

मला राग आला. ज्यांच्या जमिनीच्या प्रश्नाला कोपरा मिळत नाही, त्यांना शोभेसाठी माझ्या चित्राचा कोपरा द्यायचा? गुसाडी म्हणजे दाराशी ठेवायची कुंडी नव्हे. मी हे सगळं सरांना सांगितलं, जरा मोठ्याने. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "हौ, बाप की बेटी है. मत डाल. लेकिन नाम और संदेश तो लिखना पड़ता. सबके नीचे कार्ड रहता."

नाव आणि संदेश. सुटले म्हणेपर्यंत तिथेच अडकले.

कारण घरी दुसरी बाजू उभी होती. देवरावकाका, बाबांचे संघटनेतले जुने सोबती, रोज चहाला येतात. त्यांनी ओसरीवरच निकाल दिला. "डोंगर काढते, झाडं काढते. डोंगराले काय कमी हाय वं? कमी आपल्याले हाय. एवढं काढूनच राह्यली तं खाली एक ओळ टाक. कापसाले भाव द्या. झालं, चित्र कामाले आलं."

"काका, चित्र म्हणजे बैल हाय का, कामाले लावाले?"

"मंग काय कामाचं नाई ते कायले काढते?"

बाबा तिथेच बसले होते. बशीतला चहा फुंकत होते. ते काहीच बोलले नाहीत. बाबा बोलत नाहीत असं आमच्या घरात होत नाही. ते टाकीच्या गळतीवरही बोलतात. माझ्या चित्रांवर मात्र त्या पूर्ण हंगामात ते एक शब्द बोलले नव्हते, आणि मला त्या गप्प बसण्याची भीती वाटायची. मी पळपुटी ठरले का? त्यांच्या डब्याशी उभी राहून रंग शिकले आणि तोच रंग घेऊन निघून गेले, असं त्यांना वाटत असेल का? ते रागावले असते तर मी भांडले असते. भांडायला मला त्यांनीच शिकवलं आहे.

मग चुन्याची भानगड झाली.

हार्डबोर्डच्या फळ्या मी आदिलाबादहून कापून आणल्या होत्या. एके दिवशी वावरातून परत आले तर अंगणात त्या भिंतीला टेकून ओळीने उभ्या, पांढऱ्याफटक. बाबा हात धूत होते. त्यांनी सगळ्यांना चुना मारला होता. दोन हात, कुंच्याने, कडेपर्यंत. मी त्या उचलून घरात ठेवल्या. म्हटलं, वरून रंग बसेल.

सीतादहीचा दिवस आला. वेचणी सुरू करायच्या आधी आमच्याकडे बाया वावराच्या कोपऱ्यात पाच खडे मांडतात, त्यांना हळद-कुंकू लावतात, दहीभाताचा नैवेद्य ठेवतात, तोच दहीभात पऱ्हाटीवर शिंपडतात, आणि मगच पहिल्या बोंडाला हात लागतो. मला तो मधला वेळ हवा होता: दहीभात शिंपडून झालाय आणि हात अजून लागला नाही. सकाळचा गारवा, पानांवर दव, दह्याचा आंबूस वास आणि ओल्या मातीचा. मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, फळी मांडून बसले.

बाया कमरेला ओटी बांधून उभ्या होत्या. आमच्या शेजारची गंगूमावशी वाकून पाहू लागली.

"आमाले कुठं काढलं वं कांते?"

"नाई काढलं मावशी. नुसतं वावर काढून राह्यली."

"आमाले काढ म्हणा, पण बारीक काढजो," दुसरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

गंगूमावशी हसली नाही. "नुसतं वावर? मंग हा कापूस काय भुतायनं लावला? निंदून निंदून आमचे गुडघे गेले, अन् चित्रात आमीच नाई. तुया बापानं तं आमाले पत्रकात पहिल्या ओळीत टाकलं होतं."

आई म्हणाली, "काऊन तिले तरास देता? चला, ऊन चढून राह्यलं." त्या तासांत, पऱ्हाटीच्या ओळींमध्ये, शिरल्या. माझा ब्रश तसाच राहिला. मावशीनं जे म्हटलं ते मीच एखाद्या पत्रकात लिहिलं असतं. राबणाऱ्यांना वगळून निसर्ग सुंदर दाखवायचा, ही कुणाची खोड आहे ते मला पाठ आहे. क्षणभर वाटलं, काढावं दोन-चार वाकलेल्या पाठींना आणि मोकळं व्हावं. पण वाकलेल्या पाठीही मी इतक्या चित्रांत पाहिल्या आहेत की आता त्याही गुसाडीसारख्याच वाटतात, कोपऱ्यात ठेवलेल्या. मी वावरच काढत राहिले. पण आधी सहज ओढलेले तास पुसून पुन्हा काढले, हळू, एक-एक झाड मोजल्यासारखे. मावशीसमोर खोटं पडू नये म्हणून.

संध्याकाळी पाहते तर रंग गेलेला. उडाला नव्हता, आत गेला होता. चुन्याने सगळा ओढून घेतलेला. आभाळाची निळाई ताकासारखी झाली, हिरवं धुरकट. बोट लावलं तर बोटाला आभाळ लागलं.

"बाबा! चुना कायले लावला तुमी फळ्याईले?"

बाबा दचकले. "भिंतीले लावतो तसा लावला."

"हे चित्र हाय, भिंत नाई!"

"मले काय माईत? म्हणलं बिनचुन्याचं पोरगी कशी काढते रंग. अक्षर तं उठत नाई."

"अक्षर नाईच ना त्याच्यात!"

हे तोंडून गेलं. चुलीपुढची आई थांबली. मग तीच हसायला लागली. "बापानं भिंत सारवली, पोरीनं वावर पेरलं. आता जेवा."

जेवताना हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडत गेला. हंगामभर एक शब्द न बोललेला हा माणूस माझ्या पाठीमागे अंगणात बसून माझ्या फळ्यांना चुना लावत होता. ज्या कामाला तो मानतो, त्या कामाची जशी तयारी करतो तशी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र पाहिलं तेव्हा दुसरंही दिसलं. त्या दिवसांत आमच्याकडे सकाळी असंच असतं. धुकं, धूळ, कापसाचे तंतू. आभाळ ताकासारखंच असतं. मी विकतच्या डबीतलं निळं लावत होते. चुन्याने त्याला आदिलाबादचं केलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी फळी मांडीवर धरून बसने गेलो. कुणाचा धक्का लागला की माझं आभाळ कमी व्हायचं. बाबा सोबत होते, कारण नरसय्या सरांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. तिन्ही लिप्यांत वळणदार लिहिणारा दुसरा माणूस त्यांना सापडत नव्हता, आणि सगळ्यांची कार्डं लिहायची होती. बाबा शाळेच्या बाकावर बसले, पेनं मांडली. शिंप्याने रस्त्याचं चित्र पुढे केलं आणि विचारलं, "भाऊ, याचा संदेश काय लिवाचा?" बाबांनी क्षणात सांगितलं, "रस्ता सर्वांचा आहे." तळ्याच्या चित्राला "पाणी अडवा", धबधब्याला "जंगल टिकले तर गाव टिकेल". लोक खूश. माझी पाळी यायच्या आत मला निघावं लागलं. घरी वेचणी चालू होती आणि आई एकटी होती. फळी भिंतीला टेकवून ठेवली. बाबांनी वर पाहिलं नाही, कारण ते उर्दूतला "पानी" लिहीत होते.

ते परत आल्यावर मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. मी मनातल्या मनात कार्ड वाचत राहिले. कापसाला भाव द्या. श्रमिकांच्या घामाचे मोल करा. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हाच तर त्रास होता. प्रत्येक वाक्यावर माझी सही आहे. पण ते खाली लागलं असतं की लोकांनी तेवढंच वाचलं असतं, मान डोलावली असती आणि पुढे गेले असते. माझं वावर त्या ओळीची भिंत झालं असतं. आणि मी ते काढून टाकलं असतं तर? बाबांच्या हातची ओळ मी कशी फाडणार होते?

सकाळी हॉलमध्ये शिरले. नरसय्या सर दारातच भेटले, तक्रार घेऊन. "देख बेटा, तेरा बाप कैसा आदमी है. सारे गाँव को संदेश दिया, अपनी बेटी को नहीं दिया. मैं पूछा तो बोलता, इतनाच है."

मी धावलेच. चित्राखाली पांढरं कार्ड होतं. वर मराठीत "वावर". त्याखाली तेलुगूत "चेनू". त्याखाली उर्दूत "खेत". बाकी जागा कोरी. अक्षरं नेहमीपेक्षा बारीक, जणू चित्राला आवाज होऊ नये म्हणून हळू बोलल्यासारखी.

खांद्यावरून ओझं उतरतं असं म्हणतात. माझं पोटातून उतरलं. इतके दिवस मी नीट जेवले नव्हते हे मला तिथे उभं राहून कळलं, कारण भूक लागली. शिंप्याने डब्यातली चिवड्याची पुडी पुढे केली आणि मी ती सगळी संपवली.

लोक येत होते. बाबा नेहमीप्रमाणे झोळीत पत्रकं घेऊन आले होते आणि दाराशी उभे राहून वाटत होते. ते त्यांनी सोडलं नाही, आणि सोडावं असं मला कधी वाटलंही नाही. चित्र आणि घोषणा यांतलं एकच निवडावं लागतं, असा जो तुरुंग मी मनात बांधला होता, त्यात मी त्यांनाही कोंडलं होतं. पत्रक हे पत्रकाच्या जागी आणि चित्र हे चित्राच्या जागी, हे त्यांना मान्य होतं. कधीपासून, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. काही गोष्टी विचारल्या की आमच्या घरात त्यांची सभा होते.

दुपारी एक शिक्षिका आल्या, सोबत बहीण. एकेक कार्ड मोठ्याने वाचत पुढे येत होत्या. माझ्या चित्रापाशी थांबल्या. "वावर," त्यांनी वाचलं आणि पुढचं शोधू लागल्या. कार्डाच्या मागे काही आहे का तेही वाकून पाहिलं. मी बोलणार होते, तेवढ्यात बाबा आले.

"भाऊ, याच्यात संदेश नाही का?" शिक्षिकेनं विचारलं.

"नाई."

"माणूसही नाही कुणी."

बाबांनी चित्राकडे पाहिलं. मला वाटलं, आता सुरू होणार. कापूस, वजनकाटा, बाजार, दिल्ली. त्यांनी श्वासही तसाच घेतला, मोठा. मग म्हणाले, "बाई, तास पाहा किती सरळ हायत. असे आपोआप येत नाईत."

एवढंच. बाई पाहू लागल्या. हॉलमध्ये गलका होता, पोरं पळत होती, कुणीतरी माईक तपासत होतं. माझे बाबा, ज्यांनी आयुष्यभर लोकांच्या पुढे उभं राहून सांगितलं, ते दोन पावलं बाजूला सरकले. इतका वेळ त्यांची सावली चित्रावर पडत होती.